हप्ता थकल्यावर बँकेकडे काय मागायचं: सांवेर रोडवरच्या एका वर्कशॉपचं प्रकरण

इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रात भाड्याची शेड, त्यात दोन लेथ आणि एक व्हीएमसी मशीन (संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारं यंत्र), तीन कारागीर. काम सगळं जॉबवर्कचं, पीथमपूरच्या वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांचं. मालक सुदामानगरात राहतात. ओळखीतले सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणेन. वहिनी एका खासगी शाळेत शिकवतात. दोघांच्या संमतीनेच हे लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून नावं टाळली आहेत आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो, त्यामुळे असे अर्ज आत गेल्यावर त्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. त्या माहितीचा इतरांनाही उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे प्रकरण सविस्तर मांडतो.

कर्जं तीन, बँक एकच. व्हीएमसीसाठी २०२१ मध्ये घेतलेलं मुदत कर्ज: शिल्लक सुमारे १४ लाख, हप्ता ३१ हजार, दर महिन्याच्या ५ तारखेला. खेळत्या भांडवलासाठी ६ लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेत लागेल तसे पैसे काढायचं आणि भरायचं खातं). आणि घरकर्ज, शिल्लक ११ लाख, हप्ता १६,४००. घरकर्जात वहिनी सहकर्जदार आहेत, मशीनच्या कर्जाला जामीनदार.

२०२३ ची दिवाळी झाली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस दादांची दुचाकी बाणगंगेजवळ घसरली. उजवं मनगट मोडलं, प्लेट घालावी लागली, डॉक्टरांनी तीन महिने मशीनला हात लावायचा नाही असं बजावलं. व्हीएमसीचं प्रोग्रॅमिंग दादा स्वतः करायचे, त्यामुळे सर्वांत जास्त कमावणारं मशीनच बंद पडलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या बिलांचे ४ लाख ८० हजार अडकवून ठेवले होते. डिसेंबरचा हप्ता मुदत ठेव मोडून भरला. जानेवारीत एक चांगला कारागीर दुसरीकडे गेला आणि मशीनचा हप्ता पहिल्यांदा परत गेला.

घर आधी, मशीन नंतर

दोघांनी मिळून ठरवलं की काहीही होवो, घराचा हप्ता चुकवायचा नाही. मशीनचं पुढे बघू. वहिनींचा पगार थेट घरकर्जात जायचा. कुणीही संसारी माणूस हेच करील आणि त्यात मला गैर दिसत नाही. अडचण अशी की बँकेचा नियम या हिशोबाने चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार खातं अनुत्पादित, म्हणजे एनपीए (वसुली थांबलेलं), ठरवताना कर्ज कोणतं हे पाहत नाहीत, कर्जदार कोण हे पाहतात. एका माणसाचं एक कर्ज एनपीए झालं की त्याच बँकेतली त्याची बाकीची कर्जंही त्याच दिवशी एनपीए होतात, मग त्यांचे हप्ते अगदी वेळेवर भरलेले असले तरी. म्हणजे मशीनच्या हप्त्यासाठी घरकर्जही धोक्यात होतं, आणि घरात हे कुणाला माहीत नव्हतं. शाखेतही कुणी सांगितलं नाही.

दादा शाखेत गेले होते. गळ्यात झोळी, झोळीत हात, अशा अवस्थेत जाऊन व्यवस्थापकांना म्हणाले, दोन महिने सांभाळून घ्या साहेब. उत्तर मिळालं, "देखते हैं, आप टेन्शन मत लो." माणूस वाईट नव्हता, मनापासूनच म्हणाला असेल. पण फेब्रुवारीत त्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांच्या संगणकावर फक्त थकीत दिवसांचा आकडा होता. अपघाताची, विनंतीची, दिलेल्या शब्दाची कुठे एक ओळही नव्हती. बँकेत तोंडी बोलणं झालं की ते त्या खुर्चीबरोबर जातं.

त्यानंतर वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. सकाळी पावणेआठला, रात्री नऊला, एकदा तर दादांच्या मेहुण्याला. याच सुमारास एक दलालही घरी येऊन गेला: काही हजार द्या, निम्म्यात सेटलमेंट करून देतो. दुसऱ्या कुणी खासगी फायनान्सवाल्याचा नंबर दिला. त्या घरात तेव्हा रात्री जेवणावर मन लागत नव्हतं, हे वहिनींनी नंतर सांगितलं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वहिनी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या.

कॅलेंडर

पहिलं काम केलं ते तारखा मांडण्याचं. हप्ता चुकला की ३० दिवसांपर्यंत खातं एसएमए-० (एसएमए म्हणजे विशेष लक्ष ठेवायचं खातं), ३० दिवस पूर्ण झाले की एसएमए-१, ६० झाले की एसएमए-२, आणि ९० दिवस पूर्ण झाले की एनपीए. ही नोंद रोज दिवसअखेरीस संगणक आपोआप करतो. त्यात शाखेतल्या कुणाची दया-माया चालत नाही. दादांचा सर्वांत जुना थकलेला हप्ता ५ जानेवारी २०२४ चा. त्या हिशोबाने ५ मार्चला एसएमए-२ आणि ४ एप्रिलला एनपीए. वहिनींनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ४ एप्रिलभोवती लाल पेनने गोल केला.

नव्वद दिवसांच्या या रेषेचं महत्त्व फार कमी लोकांना समजतं, म्हणून जरा थांबून सांगतो. रेषेच्या अलीकडे असताना सर्वांत जुना हप्ता भरला, तर मोजणी त्याच्या पुढच्या हप्त्यापासून धरली जाते, म्हणजे जवळजवळ महिनाभर सवड मिळते. रेषा ओलांडल्यावर मात्र एक-दोन हप्ते भरून खातं परत नियमित होत नाही. मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी फेडल्यावरच ते नियमित करता येतं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. आणि एनपीएनंतर तारण असलेल्या घरावर सरफेसी कायदा, २००२ (कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) लागू करण्याची वाट मोकळी होते: कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस, कर्जदाराच्या हरकतीला बँकेने १५ दिवसांत द्यायचं उत्तर, मग ताबा. त्याविरुद्ध दाद मागायची तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, आणि मध्य प्रदेशासाठी ते जबलपूरला आहे. इंदूरच्या माणसाला वकिलासह जबलपूरच्या खेपा घालणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून ३१ हजार रुपये ५ एप्रिलला भरण्यापेक्षा १५ मार्चला भरणं कितीतरी मोलाचं होतं.

सीसीचं गणित निराळं. तिथे हप्ता नसतो, पण सलग ९० दिवस खात्यात काही जमाच झालं नाही, किंवा जमा झालेल्या रकमेतून त्या काळात लागलेलं व्याजही निघालं नाही, तर तेही खातं एनपीए ठरतं. दादा किरकोळ कामांचे पैसे रोखीने घेऊन घरखर्चाला लावत होते. ते बंद करून प्रत्येक लहान बिलाचे पैसे आधी सीसीत भरायचे, मग लागेल तसे काढायचे, असं ठरलं. रक्कम तीच, पण खातं जिवंत दिसतं.

अर्ज

दादांनी डाव्या हाताने, वहिनींच्या मदतीने लिहिलेला पहिला मसुदा तीन पानी होता. वाचून गलबलायला झालं. पण मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून फाईलवर लिहिण्याजोगं एक वाक्य मिळालं नसतं. अधिकाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: अडचण का आली, ती तात्पुरती आहे हे कशावरून, आणि नेमकं काय मागता. दुसरा मसुदा दीड पानात बसला. त्यातला मधला भाग असा होता:

"माझी अडचण व्यवसाय बुडाल्यामुळे आलेली नाही. उजव्या हाताच्या शस्त्रक्रियेमुळे २७ नोव्हेंबरपासून व्हीएमसी बंद आहे आणि एका गिऱ्हाइकाकडे ४,८०,००० रुपये अडकले आहेत. डॉक्टरांच्या दाखल्यानुसार मी ११ मार्चपासून काम सुरू करू शकतो. हातात असलेल्या ऑर्डरींच्या प्रती जोडल्या आहेत. मार्चमध्ये मी एक थकीत हप्ता भरतो. माझं खातं सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवन आणि पुनर्वसन आराखड्याखाली समितीपुढे ठेवावं ही विनंती."

अर्ज इंग्रजीत टाइप केला, कारण तो क्षेत्रीय कार्यालयात जायचा होता. सोबत डिस्चार्ज कार्ड, उद्यम नोंदणीचं (सरकारकडे लहान उद्योग म्हणून केलेल्या नोंदणीचं) प्रमाणपत्र, अडकलेल्या बिलांची यादी, आणि पुढच्या सहा महिन्यांचा येणं-देणं तक्ता. तक्त्यात वहिनींनी मुलाची शाळेची फीसुद्धा धरली होती. दादांना ते बरं वाटेना, घरातल्या गोष्टी बँकेला कशाला म्हणून. मी ती ओळ ठेवायला सांगितली. ज्या तक्त्यात घर चालवण्याचा खर्चच नाही, त्यावर कोणताही अनुभवी अधिकारी विश्वास ठेवत नाही.

शेवटच्या वाक्यातल्या त्या आराखड्याबद्दल. केंद्र सरकारने २०१५ मध्ये तो अधिसूचित केला आणि रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०१६ च्या परिपत्रकाने बँकांना लागू केला. २५ कोटींपर्यंत कर्जमर्यादा असलेल्या लहान उद्योगांसाठी तो आहे. उद्योजकाला आपलं खातं अडचणीत येतंय असं वाटलं तर तो स्वतःहून अर्ज करू शकतो. १० लाखांपेक्षा जास्त मर्यादेचं खातं शाखेने समितीकडे पाठवायचं असतं, आणि त्या समितीत बँकेच्या अधिकाऱ्यांखेरीज बाहेरचा एक तज्ज्ञ आणि राज्य सरकारचा प्रतिनिधीही असतो. समितीपुढे तीन मार्ग असतात: दुरुस्ती, पुनर्रचना किंवा वसुली. शाखांमध्ये हा आराखडा रोजच्या वापरातला नसतो. आपण नाव घेऊन मागितला नाही तर कुणी आपणहून काढत नाही.

अर्ज द्यायला वहिनी एकट्या गेल्या. दोन प्रती घेऊन. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "रख दीजिए, सर को दे दूंगा." वहिनींनी दुसरी प्रत पुढे केली आणि आवक शिक्का मागितला. इथे शिक्का मारत नाही, मेल करून द्या, असं उत्तर आलं. त्या हलल्या नाहीत. शाळेत पस्तीस मुलांपुढे उभं राहण्याची सवय असलेली बाई ती, म्हणाल्या, "भैया, मैं बैठी हूं, आप पूछ लीजिए." मागे रांग वाढत गेली. शेवटी आतून एक अधिकारी आले, अर्ज वाचला, स्वतः शिक्का मारून तारीख घातली आणि खाली सही केली. तीच प्रत त्या दिवशी स्कॅन करून शाखेला आणि क्षेत्रीय कार्यालयाला मेलही केली. पुढे सगळं त्या एका शिक्क्याच्या जोरावर झालं, असं माझं ठाम मत आहे. तारखेचा पुरावा असलेला अर्ज दप्तरी आला की त्यावर काहीतरी निर्णय लिहिणं कुणाला तरी भाग पडतं.

पैसा आला कुठून

गिऱ्हाइकाला दादा इतके दिवस फोनवर विनवण्या करत होते. संबंध बिघडतील ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. पण २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. तेव्हा बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. त्याची तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते; तेव्हा ती केंद्र सरकारच्या समाधान पोर्टलवर करायची असे. दादांचं उद्यम प्रमाणपत्र बिलांच्या आधीचं होतं, त्यामुळे तक्रार बसत होती.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट जुळून आली. आयकर कायद्याचं कलम ४३ब(एच) २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं होतं. मुदत उलटून गेलेलं लघु उद्योगाचं बिल ३१ मार्चपूर्वी चुकतं केलं नाही, तर देणाऱ्याला त्या वर्षाच्या खर्चात ते धरता येत नाही. पोर्टलवर तक्रार टाकली आणि त्याची प्रत गिऱ्हाइकाच्या हिशोब विभागाला पाठवली, सोबत दोन ओळींत या कलमाची आठवण. दोन दिवसांत फोन आला, "भाभीजी, ये क्या कर दिया, घर की बात थी." मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ३ लाख ६० हजार जमा झाले. उरलेले जूनमध्ये आले, व्याजाचा आग्रह दादांनी सोडला. मला तो सोडायला नको होता असं वाटतं, पण पुढच्या ऑर्डरी त्यांना त्याच कंपनीकडून घ्यायच्या होत्या.

तोपर्यंतचा हप्ता वहिनींच्या भिशीतून गेला. मार्चमध्ये त्यांचा नंबर लागला आणि १५ तारखेला मशीनच्या कर्जात पैसे भरले. इथे एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नुसते ३१ हजार भरले असते, तर बँकेच्या संगणकाने त्यातून हप्ता परत गेल्याचे शुल्क आणि दंड आधी वळते केले असते. मग जानेवारीचा हप्ता काही शे रुपयांनी अपुरा राहिला असता आणि थकीत दिवस कमी झालेच नसते. म्हणून आधी खातेउतारा काढून शुल्कं बेरीज केली, तेवढी रक्कम वर भरली, आणि ही रक्कम ५ जानेवारीच्या हप्त्यापोटी आहे असं पत्रही दिलं. त्या दिवशी सर्वांत जुनी थकबाकी ५ फेब्रुवारीची झाली, खातं एसएमए-२ मधून एसएमए-१ मध्ये आलं, आणि कालनिर्णयवरचा गोल ४ एप्रिलवरून ५ मेवर गेला.

घरकर्जाचा भार हलका करायला दुसरं दार उघडं होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि तरत्या दराचे हप्ते सगळीकडे वाढले. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. या खात्यावर एकही हप्ता थकलेला नव्हता. वहिनींनी त्याच परिपत्रकाचा हवाला देऊन मुदतवाढ मागितली. हप्ता १६,४०० वरून १४,१०० झाला. कर्ज जास्त वर्षं चालेल आणि एकूण व्याजही जास्त जाईल, हे त्यांना समजावून सांगितलं होतं.

समितीने काय दिलं, काय नाही

समितीपुढे प्रकरण मार्चच्या मध्यात आलं. दादांनी सहा महिने फक्त व्याज भरण्याची आणि मशीनच्या कर्जाची मुदत १८ महिन्यांनी वाढवण्याचीही मागणी केली होती. ती नामंजूर झाली, आणि त्याचं कारण अधिकाऱ्यांनी सरळ सांगितलं, याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. कर्जदार अडचणीत आहे म्हणून हप्त्यांच्या अटी सैल करणं ही पुनर्रचना ठरते, आणि कोविडच्या वेळच्या खास सवलती संपल्यानंतर पुनर्रचना झालेलं खातं सर्वसाधारणपणे त्याच क्षणी एनपीएत धरलं जातं. म्हणजे जे टाळण्यासाठी अर्ज केला तेच मंजुरीने घडलं असतं. ज्याला खरोखर दोन वर्षं उत्पन्न येणार नाही त्याने तरीही पुनर्रचना मागावी. घर वाचण्याची शक्यता तरी राहते. दादांची अडचण काही महिन्यांची होती.

समितीने दुरुस्तीचा मार्ग धरला. सगळी थकबाकी ३० एप्रिलपर्यंत भरायची, सहा महिने दरमहा उलाढालीचा तपशील द्यायचा, त्या बदल्यात मजुरी आणि टूलिंगसाठी सीसीवर १ लाखाची तात्पुरती वाढ तीन महिन्यांसाठी, आणि दंडातली निम्मी रक्कम माफ. मागितलं त्यापेक्षा कमीच, पण कारागिरांचे दोन पगार त्यातून झाले आणि ११ मार्चला मशीनवर परत उभ्या राहिलेल्या दादांबरोबर काम करायला माणसं शेडमध्ये टिकली. गिऱ्हाइकाचे पैसे आल्यावर २८ मार्चला फेब्रुवारी आणि मार्चचे हप्ते एकदम भरले.

वसुलीच्या फोनबद्दल वहिनींनी वेगळी तक्रार केली होती, कॉलच्या वेळांच्या स्क्रीनशॉटसह. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेचे ऑगस्ट २०२२ चे आदेश आहेत. तीन आठवड्यांत बँकेचं दिलगिरीचं पत्र आलं आणि फोन थांबले. आलं नसतं तर ३० दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता आली असती. लोकपाल बँकेला सवलत द्यायला भाग पाडत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. पण वर्तणुकीबद्दल आणि उत्तरच न देण्याबद्दल तो जाब विचारतो.

दलालाच्या सेटलमेंटचं काय झालं असतं तेही सांगतो. तडजोडीत थोडी रक्कम सुटते खरी, पण पतअहवालात "सेटल्ड" अशी नोंद बसते आणि नव्या मशीनसाठी कर्ज मागायला गेलं की तीच आडवी येते. चालू धंदा असलेल्या माणसाने हा रस्ता अगदी शेवटी घ्यावा.

आमच्या अर्जानंतर पाच महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक या प्रकरणात सांगितलं की हा आराखडा बँकांवर बंधनकारक आहे. त्याचबरोबर असंही सांगितलं की उद्योजकाने स्वतः जागरूक राहून, खातं एनपीए होण्याआधी, कागदपत्रांसह हक्क मांडायला हवा; सरफेसीची कारवाई पार पुढे गेल्यावर त्याचा आधार घेता येणार नाही. तो निकाल वाचून दादांनी मला फोन केला आणि वहिनींच्या हातातल्या शिक्का मारलेल्या प्रतीची आठवण काढली.

आज तिन्ही खाती नियमित आहेत. २०२५ मध्ये सीसीचं नूतनीकरण झालं तेव्हा मर्यादा ८ लाख करून मागितली होती, ती ६ लाखच राहिली, कारण २०२४ च्या सुरुवातीचे थकीत दिवस पतअहवालात दिसतात. हप्त्यांचा ३६ महिन्यांचा इतिहास तिथे राहतो, म्हणजे २०२७ च्या पहिल्या काही महिन्यांपर्यंत ती नोंद दिसत राहील. तोवर दुसरं मशीन घ्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं आहे. व्हीएमसीचं प्रोग्रॅमिंग मात्र दादा आता एका कारागिराला शिकवत आहेत.